ओरिजिनल आहे ना?

माझ्या आईला प्रोसेसर म्हणजे मिक्सरचा थोरला भाऊ वाटायचा. तिच्या ओट्यावर जो आहे तो फूड प्रोसेसर, त्यामुळे तिचं तरी काय चुकलं? पण मी प्रोसेसर घेतला हे कळल्यावर फोनवर तिने पहिला प्रश्न अगदी नेमका विचारला : “ओरिजिनल आहे ना गं?”

मंडळी, या एका प्रश्नाने पुढचे चार दिवस माझी झोप उडवली. त्या चार दिवसांत मी काय काय पराक्रम केले, ते आज जाहीरपणे कबूल करायचं ठरवलंय. हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर अर्धवट गोष्ट सगळ्यांना माहीत आहेच, पूर्ण गोष्ट ही अशी आहे.

पैसे आईच्या भिशीचे होते. वर्षभर थेंबे थेंबे भरलेली भिशी मार्चमध्ये लागली आणि 20 हजार रुपये तिच्या हातात आले. त्यातून ती स्वतःसाठी पैठणी घेणार होती. नेमका त्याच वेळी माझ्या लॅपटॉपने मान टाकली. प्रोजेक्टचं सिम्युलेशन अर्ध्यावर, सबमिशन तोंडावर! आई म्हणाली, “साडी काय, पुढच्या वर्षी घेता येईल.” हे वाक्य ती इतक्या सहज बोलली, की मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मामेभावाचा जुना कॅबिनेट, एसएमपीएस, रॅम, एसएसडी आणि मॉनिटर फुकटात मिळाला. विकत घ्यायचा होता फक्त मदरबोर्ड आणि प्रोसेसर. ग्राफिक्स कार्डाची ऐपत नव्हती, म्हणून ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे असा रायझन 5 5600जी घ्यायचं ठरलं. सहा कोअर, बारा थ्रेड आणि कूलर खोक्यातच. औरंगपुऱ्याकडच्या एका जिन्याखालच्या छोट्याशा दुकानातून तो घेतला. दुकानदार काका साठीच्या आसपासचे, कपाळावर चष्मा, बोलणं कमी. मी खोकं हातात घेतलं, पैसे दिले, बिल सॅकच्या आतल्या कप्प्यात कोंबलं आणि रिक्षा पकडून थेट हॉस्टेल! रूमवर पोचल्यावर खोकं असं फाडलं, जसं लहानपणी वाढदिवसाचं गिफ्ट फाडायचे.

इथेच पहिली चूक झाली. पण ती कळायला वेळ होता.

संध्याकाळपर्यंत मशीन उभं राहिलं. विंडोज पडलं, सगळं सुरळीत. मी कौतुकाने आईला फोन केला आणि तो प्रश्न आला. मी म्हटलं, “हो गं, ओरिजिनलच.” फोन ठेवला आणि मनात म्हटलं, कशावरून?

आमच्या मजल्यावर मुलींना गावावरून हाक मारायची पद्धत आहे. माझ्या रूममध्ये परभणी आणि समोरच्या रूममध्ये जालना. जालना म्हणजे या विषयातली चालती-बोलती धोक्याची घंटा. तिने लगेच किस्से सुरू केले. 2010 च्या मार्चमध्ये अमेरिकेत न्यूएग नावाच्या मोठ्या ऑनलाइन दुकानातून कोअर आय7-920 मागवलेल्या लोकांना चक्क खोटे प्रोसेसर मिळाले. आत प्रोसेसरच्या आकाराचा निर्जीव ठोकळा, पंख्याच्या जागी पंख्यासारखं दिसणारं सोंग, आणि खोक्यावर स्पेलिंगच्या चुका! 2017 मध्ये काही जणांनी रायझन मागवला, तर खोक्यात इंटेलचा जुना प्रोसेसर निघाला, वर नाव मात्र रायझनचं छापलेलं. तो ओळखणं मात्र सोपं होतं. त्या रायझनला पोटाखाली पिना असतात, एएम4 सॉकेटच्या 1331. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरला तेव्हा पिना नव्हत्याच, खाली नुसते सपाट सोनेरी ठिपके. म्हणजे उलटा केला की सोंग उघडं पडतं.

हे ऐकून मला आईच आठवली. पैठणी घ्यायला गेली की ती साडीचा पदर आधी उलटा करते. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागून-पुढून सारखीच स्वच्छ दिसते, यंत्रमागाच्या साडीला मागे मोकळे धागे लोंबतात. “तोंडाकडून सगळ्याच छान दिसतात,” असं तिचं म्हणणं. पैठण आमच्यापासून पन्नासएक किलोमीटरवर. आणि ज्या गावात बीबी-का-मकबऱ्याला येणारा-जाणारा ‘नकली ताज’ म्हणून मोकळा होतो, त्या गावात अस्सल आणि नकलेची चर्चा करायला विषय थोडेच लागतात!

रात्री फाटलेलं खोकं पुन्हा जुळवलं आणि तपास सुरू केला. कॉन्व्हेंटमध्ये दर शुक्रवारी स्पेलिंग टेस्ट असायची, एक चूक म्हणजे तो शब्द वीस वेळा लिहायचा. त्या सवयीने आधी स्पेलिंग तपासलं. एकही चूक नाही. (माझ्या या लेखाबद्दल मात्र तशी खात्री देता येत नाही, तिथे संपादकांनी लाल पेन चालवलंय.) आयातदाराचं स्टिकर पाहिलं. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी असावी, असे 2011 चे वेष्टनातल्या वस्तूंचे नियम आहेत. स्टिकर होतं, पण तिरकं चिकटवलेलं. “तिरकं का?” जालना म्हणाली. दोन शब्द, पण माझ्या पोटात गोळा!

सीपीयू-झेड चालवून पाहिलं. नाव बरोबर, सहा कोअर, बारा थ्रेड. म्हणजे आत दुसरंच काही नव्हतं, प्रोसेसर 5600जीच होता. पण जालनाने नवा मुद्दा काढला. “कुणाचा तरी वापरलेला असेल तर? जुना काढून नव्या खोक्यात भरलेला?” याचं उत्तर सॉफ्टवेअरकडे नव्हतं.

मग मी टेम्परेचर बघितलं. एचडब्ल्यूइन्फो लावलं आणि प्राइम-95 सुरू केलं. हे सॉफ्टवेअर प्रोसेसरला श्वासही घेऊ देत नाही, सगळे कोअर एकदम जुंपतं. आकडा चढत चढत 84 अंशांवर जाऊन थांबला. एका परदेशी माणसाच्या व्हिडिओत हाच प्रोसेसर, हाच कूलर, हीच टेस्ट, आणि आकडा 68. सोळा अंशांचा फरक! आता माझी खात्रीच पटली. दमलेला, वापरलेला माल माझ्या गळ्यात मारला होता. आईची पैठणी गेली पाण्यात.

एकच पुरावा उरला होता. खोक्याच्या लेबलवर एक सीरियल नंबर असतो आणि तोच प्रोसेसरच्या पाठीवरही कोरलेला असतो. दोन्ही जुळले की हा प्रोसेसर याच खोक्यातला. गंमत म्हणजे एएमडीच्या त्या खोक्याला बाजूला छोटी खिडकी असते, तिच्यातून प्रोसेसरची पाठ दिसते. म्हणजे दुकानातच, काही न उघडता, मला ते बघता आलं असतं. पण मी तर गिफ्ट फाडत होते ना! आता ती पाठ कूलरखाली गाडली गेली होती.

रात्री साडेअकराला मी कूलर काढायला घेतला. परभणी म्हणत होती, “सकाळी बघ ना.” मी कसली ऐकतेय! चार स्क्रू सोडवले आणि कूलर वर ओढला. तो हलेना. थोडा जोर लावला, आणि टच्च असा आवाज होऊन कूलर हातात आला. सोबत प्रोसेसरही आला! सॉकेटची लोखंडी दांडी बंद होती, तरी तो त्यातून उपटून आला होता, कूलरच्या बुडाला चिकटून, 1331 पिना वर करून माझ्याकडे बघत. रूममध्ये चिडीचूप. टॉर्च लावून एकेक ओळ तपासली. कोपऱ्यातली एक पिन किंचित कलली होती. परभणीने आपली शिसपेन्सिल दिली, शिसं काढून टाकलेली पॉइंट फाइव्हची. तिच्या टोकात पिन अडकवून श्वास रोखून सरळ केली. तुटली असती, तर भिशी तिथेच बुडाली होती.

(नंतर कळलं की मशीन थोडा वेळ चालवून, पेस्ट गरम आणि मऊ असताना कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा आणि मग उचलायचा. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा.)

प्रोसेसरच्या पाठीवरची पेस्ट चष्म्याच्या फडक्याने पुसली. नंबर वाचला. लेबलवरचा वाचला. परभणीने मोठ्याने एकेक अक्षर उच्चारलं, मी बोट ठेवत गेले. जुळला. अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती ना? मी एक परीक्षा ठरवली होती, प्रोसेसर तिच्यात पास झाला होता. पण माझं मन काय म्हणालं सांगू? “नंबर काय, कोरताही येतो.”

मी सगळं परत बसवलं. त्रिकोणाची खूण जुळवली, दांडी लावली, कूलर ठेवला, चार स्क्रू आवळले. मशीन सुरू झालं. टेस्ट लावली आणि काही सेकंदांत आकडा 95! पंखा विमानासारखा ओरडायला लागला. 95 अंश ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा. तिथे पोचला की तो जळून जाऊ नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. 4 गिगाहर्ट्झच्या वर धावणारा प्राणी 3 च्याही खाली रांगायला लागला. मला हवा तो पुरावा मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅबिनेट मांडीवर घेऊन मी रिक्षाने दुकानात गेले. एप्रिलचं ऊन, रिक्षाच्या रेक्झिनला हात लावला तर चटका. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “काका, तुम्ही मला जुना माल दिलात. आम्ही स्टुडंट आहोत म्हणून काहीही खपवता का?” आणखीही बोलले. ते इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

काका काहीच बोलले नाहीत. एक गिऱ्हाईक माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघत हळूच निघून गेलं. ते गेलेलं काकांनी पाहिलं, मीही पाहिलं. मग त्यांनी कॅबिनेट टेबलावर आडवं केलं, मशीन पाच मिनिटं चालवलं, बंद केलं, कूलर हलकेच फिरवला आणि अलगद उचलला. प्रोसेसर जागचा हलला नाही. कूलरचं बूड माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, “बेटा, हा किती वेळा काढलास?”

मी म्हटलं, “एकदाच.”

“आणि नवी पेस्ट?”

मी गप्प.

बुडावर पेस्टची बेटं बेटं झाली होती, मध्ये कोरडी जागा. आता थोडी थिअरी, कारण हे आपण पुस्तकात वाचतो आणि विसरतो. प्रोसेसरची पाठ आणि कूलरचं बूड कितीही गुळगुळीत दिसलं, तरी दोन्हींवर बारीक खाचखळगे असतात. त्यांच्यात हवा अडकते. हवा म्हणजे उष्णतेच्या वाटेतली भिंतच, अॅल्युमिनियमपेक्षा काही हजार पट वाईट वाहक. पेस्टचं काम एकच, ती हवा हटवून स्वतः तिथे बसणं. पेस्ट धातूइतकी चांगली नाही, पण हवेपेक्षा शंभर पटींहून बरी. खोक्यातल्या कूलरच्या बुडाला कंपनीनेच पेस्ट लावलेली असते आणि ती एकदाच नीट बसते. मी कूलर उपटला, प्रोसेसरच्या पाठीवरची पेस्ट पुसून टाकली आणि उरलेल्या ओरखड्यांवर कूलर परत ठेवला. म्हणजे 95 अंश हा प्रोसेसरचा दोष नव्हता. तो खोटा आहे का हे बघण्याच्या नादात मी स्वतःच तयार केलेला होता!

काकांनी दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने साफ केले, पिचकारीतून वाटाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली, स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांचे आळीपाळीने थोडे थोडे आवळले. टेस्ट लावली. मी म्हटलं, “पण काका, पहिल्या दिवशी पण 84 होतं. व्हिडिओत 68 आहे.”

“त्याच्या खोलीत किती होतं?”

“म्हणजे?”

“खोलीचं टेम्परेचर गं. आणि तुझ्या खोलीत किती?”

इंजिनिअरिंगची तीन वर्षं होत आली होती माझी. हीट ट्रान्सफरचे न्युमरिकल सोडवणाऱ्या मशीनवाल्या मुलींच्या शेजारी मी राहते. आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. व्हिडिओ पुन्हा लावला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, रूम 22 अंश. काकांनी मल्टिमीटरला तापमानाची वायर लावून टेबलावर ठेवली. दुकानातला पाण्याचा कूलर चालू होता, आकडा आला 31. स्क्रीनवर प्रोसेसर 76 ला थांबला होता.

संध्याकाळी लॅबमधून थर्मामीटर मागून आणला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या रूममध्ये लावला. गच्चीखालचा मजला, 38 अंश! प्रोसेसर 84. आता वजाबाकी करा. 68 वजा 22, म्हणजे 46. 76 वजा 31, म्हणजे 45. 84 वजा 38, म्हणजे 46. तिन्ही ठिकाणी प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण तेवढाच तापत होता. पूर्ण लोडवर हा प्रोसेसर 88 वॉटपर्यंत घेतो. 46 भागिले 88, म्हणजे दर वॉटला जेमतेम अर्धा अंश. हा त्या कूलरचा स्वभाव आहे, तो गाव बदललं म्हणून बदलत नाही. बदलतं ते गावचं ऊन. पंख्याचा कूलर खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे खोलीपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. म्हणून तर मोठ्या मशीनना दुसरे उपाय लागतात. पुण्याच्या आयसरमध्ये 2019 साली सी-डॅकने उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात प्रोसेसरची उष्णता द्रव खेळवून थेट तिथल्या तिथे काढून नेतात. आम्हाला मात्र टेबल खिडकीपासून हलवून, कॅबिनेटची मागची बाजू भिंतीपासून वीतभर पुढे ओढून भागवावं लागलं. तेवढ्यानेही तीन अंश उतरले.

पण परत दुकानात. काकांनी माझ्याकडे बिल मागितलं. ते सॅकच्या आतल्या कप्प्यात चुरगळून पडलं होतं. त्यांनी ते टेबलावर हाताने सपाट केलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. प्रोसेसरच्या नावाखाली त्यांच्या हस्ताक्षरात सीरियल नंबर लिहिलेला होता. तोच, जो मी रात्री साडेअकराला पिना वाकवून वाचला होता. मग त्यांनी फाइल काढून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेल्या मालाचं बिल दाखवलं. तिथेही तोच नंबर. “हे वॉरंटीसाठी आम्ही लिहितोच,” एवढंच म्हणाले. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी सॉरी म्हटलं. ते गिऱ्हाईक निघून गेलं होतं, त्याने माझं सॉरी ऐकलं नाही. त्याला फक्त माझा आरोप ऐकू गेला होता. ही गोष्ट मला अजून टोचते. पेस्टचे पैसे विचारले तर काकांनी नको म्हणून हात हलवला आणि उरलेली पिचकारीच माझ्या हातात ठेवली. “पोरी परत परत काढून बघतात,” म्हणाले, “असू दे तुझ्याकडे.”

त्या प्रकरणानंतर आमच्या हॉस्टेलवर कुणीही प्रोसेसर घ्यायला निघालं, की मला सोबत नेतात. माझी पद्धत आता ठरलेली आहे. खोकं दुकानातच, काउंटरवर, दुकानदाराच्या समोर बघायचं. सील अखंड आहे का, आयातदाराचं स्टिकर आहे का. (तिरकं असलं तरी चालतं, चिकटवणारा माणूसच असतो.) खिडकीतून जे दिसतं त्याचा फोटो, लेबलवरच्या सीरियल नंबरचा फोटो, आणि तो नंबर बिलावर लिहून घ्यायचा. सुटा, म्हणजे ट्रेमधला प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण खोक्यातल्याला कंपनीची थेट तीन वर्षांची वॉरंटी असते, ती सुट्याला नसते. बसवायच्या आधी उलटा करून पिना बघायच्या. घरी आल्यावर टेम्परेचर लिहिताना शेजारी खोलीचं टेम्परेचरही लिहायचं, नाहीतर तो आकडा अर्धाच. आणि हे सगळं जुळलं, की मानायचं. तिथे थांबायचं. तपासणं वेगळं आणि संशय घेणं वेगळं, हे मला त्या चार दिवसांत कळलं. तपासणाऱ्याला कधीतरी उत्तर मिळतं. मला नंबर जुळूनही मिळालं नव्हतं, कारण मला उत्तर नकोच होतं, चोर हवा होता.

प्रोजेक्ट वेळेत सबमिट झालं. सिम्युलेशन रात्रभर चालायचं आणि पहाटे, खोली जरा निवल्यावर, आकडा 75 च्या आसपास स्थिर असायचा. मी झोपेतून उठून तो बघायचे आणि परत झोपायचे.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. काकांना सगळ्यांसमोर बोलले तेही सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “पदर उलटा करून बघते मी. पण दुकानदाराला विचारून करते गं.”

पुढच्या वर्षी तिची पैठणी घ्यायची आहे. पैसे साठवतेय. उलटी करून बघू, आणि विचारून.